जुन्या माणसाच्या तोंडी आजची मराठी: काय करावे, काय टाळावे

शिवकाळावर किंवा पेशवाईवर मालिका निघाली की पगडीची घडी, तलवारीची मूठ, नथीतले मोती यांवर महिनोन् महिने खपणारी माणसे असतात. मग पहिला प्रसंग सुरू होतो आणि किल्लेदार म्हणतो, ‘महाराज, परिस्थिती नियंत्रणात आहे.’ सगळी मेहनत त्या एका वाक्यापाशी थांबते.

पात्र सोपे बोलते म्हणून संवाद आजचा वाटतो, असा अनेकांचा समज आहे. म्हणून ते संवाद अवघड करून ठेवतात. तुकोबांचे अभंग शिवकाळातलेच आहेत आणि आजही पोरासोरांना कळतात. जुनी मराठी सोपीच होती. संवाद आजचा वाटतो तो पात्र आजच्यासारखा विचार करते म्हणून आणि त्याचे वाक्य आजच्या सांध्यांवर वळते म्हणून. पुढच्या सूचना हे धरून वाचाव्यात.

टाळा: पात्राला पुढचे माहीत असणे

हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो शब्दकोश उघडून सापडत नाही. ‘इतिहास आपल्याला विसरणार नाही’ असे म्हणणारा मावळा शाळेतले पुस्तक वाचून आलेला असतो. 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभू उभे राहिले ती घोडखिंड होती, गजापूरची खिंड होती. ती पावन झाली त्यांच्या मरणानंतर. लढाईआधी कोणा पात्राने तिला पावनखिंड म्हटले की बाजींचे मरण आधीच ठरून जाते आणि प्रसंगातला जीव जातो. पानिपतावर जमलेल्या कोणालाही आपण ‘तिसऱ्या’ लढाईत आहोत हे ठाऊक नव्हते. अफजलखानाच्या भेटीला निघालेल्या माणसाला आपण परत येणार हेही ठाऊक नव्हते. त्या अज्ञानातच नाट्य आहे. लेखकाला शेवट माहीत असतो, पात्राला तो माहीत नसावा.

करा: साल पाहून पद आणि नाव द्या

10 नोव्हेंबर 1659 च्या प्रतापगडाच्या प्रसंगात कोणी ‘छत्रपती’ म्हणू नये. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 चा. तोवर ते राजे आहेत, महाराज आहेत. तसेच नेतोजी पालकर सरनौबत, हंबीरराव मोहिते सेनापती. राज्याभिषेकाच्या सुमारास जुन्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. या बदलाच्या अलीकडचा प्रसंग आणि पलीकडचा प्रसंग यांत पदे वेगळी ऐकू आली, तर राज्याभिषेकाने नेमके काय बदलले हे प्रेक्षकाला भाषणाशिवाय कळते.

शत्रूंची आणि शेजाऱ्यांची नावेही पाठ्यपुस्तकातून उचलू नयेत. ‘मुघल साम्राज्य’, ‘ब्रिटिश’, ‘पोर्तुगीज’ हे आजचे शब्द. त्या माणसांच्या तोंडी मोगल, पातशाही, विजापूरकर, इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरासीस. आज्ञापत्रात या सगळ्या युरोपीय व्यापाऱ्यांना मिळून टोपीकर म्हटले आहे. या एका शब्दात ती माणसे आपल्याला कशी दिसत होती तेही येते.

टाळा: वर्तमानपत्री मराठी

निर्णय घेणे, भूमिका मांडणे, प्रतिक्रिया देणे, संपर्कात असणे, रणनीती आखणे, सहकार्य करणे, प्रयत्नांची पराकाष्ठा करणे. ही वळणे छापखान्याने, वर्तमानपत्राने आणि सरकारी कचेरीने घडवली. त्यांच्या जागी जिवंत शब्द पडून आहेत: मसलत, खलबत, मनसुबा, बेत, तजवीज, बंदोबस्त, निवाडा, कुमक, रसद, जासूद, बातमी.

पण नुसते शब्द बदलून भागत नाही. एक उदाहरण घेऊ. गडाला वेढा पडला आहे. आजच्या पद्धतीने लिहिलेला संवाद असा येतो:

‘महाराज, परिस्थिती हाताबाहेर जात आहे. आपल्याकडे फक्त दोन आठवड्यांचा अन्नसाठा शिल्लक आहे. आपल्याला लवकरात लवकर योग्य तो निर्णय घ्यावा लागेल.’

इथे ‘परिस्थिती’च्या जागी ‘हालत’ आणि ‘निर्णया’च्या जागी ‘फैसला’ घातला तरी माणूस अहवालच वाचतो आहे. वेढ्यात अडकलेला गडकरी अहवाल देत नाही, तो समोर दिसते ते सांगतो:

‘महाराज, अंबारात दाणा उरला तो पंधरवड्यापुरता. टाक्याचं पाणी तळाला लागलं. घोड्यांना कालपासून पाला टाकतोय. हुकूम व्हावा.’

यात जुना म्हणावा असा शब्द जवळजवळ नाही. अंबार, टाके, घोडे, पाला एवढ्यावर गड उभा राहतो. परिस्थितीचे नाव काढले नाही म्हणून ती दिसली. संवाद लिहून झाला की त्यातली भाववाचक नामे खुणावून ठेवावीत आणि प्रत्येकाच्या जागी डोळ्यांना दिसणारी एखादी वस्तू बसते का ते पाहावे. दहांपैकी सात ठिकाणी बसते.

टाळा: मराठी शब्दांत इंग्रजी वाक्य

इंग्रजी शब्द कोणीही पकडतो. इंग्रजी घडण पकडायला कान लागतो. ‘मला तुमचा अभिमान आहे’, ‘स्वतःची काळजी घ्या’, ‘मला थोडा वेळ हवा आहे’, ‘मी तुमच्यासाठी नेहमीच असेन’, ‘शुभ रात्री’. यातला प्रत्येक शब्द मराठी आहे आणि यातले एकही वाक्य पेशवाईतल्या वाड्यात उच्चारले गेले नसेल. आई लेकाला अभिमान आहे म्हणून सांगत नसे. ती त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकी, किंवा दुसऱ्या कोणाजवळ ‘पोरानं नाव राखलं’ म्हणे. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ या वाक्याच्या जागी बेलभंडार उचलणे होते. ती नुसती शपथ नसे, ती मोडली तर देव कोपेल ही खरी धास्ती तिच्यामागे असे. संवादलेखकाने ती धास्ती अभिनेत्याच्या हातात द्यावी, विश्वासावरचे भाषण नको.

करा: फारसी-अरबी शब्दांना जागा द्या

ऐतिहासिक म्हणजे संस्कृतप्रचुर, ही आपली समजूत गेल्या शे-सव्वाशे वर्षांतली आहे. ‘आम्ही प्रस्थान करीत आहोत’, ‘आपली अनुज्ञा असावी’ हे ऐकायला जुने वाटते, पण ते जुन्या रंगभूमीचे आहे. सतराव्या शतकातल्या कागदांत हुकूम, फौज, मुलूख, मजकूर, रयत, तह, जाब, कैद, खबर, सरंजाम यांची रेलचेल आहे. वि. का. राजवाडे यांनी तर जुन्या मराठी कागदांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजून दाखवले होते. शतकाच्या आरंभी ते प्रचंड होते आणि शिवाजीमहाराजांच्या अखेरच्या काळापर्यंत ठळकपणे घटले.

महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, रघुनाथपंत हणमंत्यांकडे ते काम दिले. त्याचा अर्थच असा, की तोवर दरबारात फारसी संज्ञा चालत होत्या. शिवचरित्रावरच्या मालिकेत सुरुवातीच्या भागांत फारसी शब्द दाट आणि राज्याभिषेकानंतर दरबारी भाषेत विरळ, असा चढउतार ठेवता आला तर ते खऱ्या अर्थाने ऐतिहासिक होईल. हे कोणी करून पाहावे अशी माझी फार इच्छा आहे.

दुसऱ्या बाजूने, काही संस्कृत शब्द अगदी अलीकडचे आहेत. हुतात्मा, दिनांक हे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून विसाव्या शतकात रुळले. पडलेल्या शिपायाला ‘कामी आला’, ‘खर्ची पडला’ म्हणत. मावळ्याला हुतात्मा म्हणण्यामागे आदरच असतो, पण त्याच्या सोबत्याच्या तोंडी तो शब्द नको.

टाळा: पत्राचा मायना तोंडात

‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’ ही कारकुनाच्या लेखणीची भाषा. कागदाला ती शोभते. पत्र वाचून दाखवण्याचा प्रसंग असेल तर ती जरूर ऐकू यावी, आणि त्याच दमात वाचणारा कारकून साध्या मराठीत बोलताना दिसावा. दोन भाषांमधले अंतर कळले की दोन्ही खऱ्या वाटतात.

करा: संबोधनांवर आणि रामरामावर सर्वाधिक वेळ घाला

कोण कोणाला काय म्हणतो यात त्या समाजाची सगळी उतरंड असते. भेटताच कोणी मुजरा करतो, कोणी दंडवत घालतो, कोणी रामराम म्हणतो, कोणी जोहार घालतो, वडीलधारा ब्राह्मण आशीर्वाद देतो. पत्रांतही हा भेद काटेकोर पाळलेला आढळतो. मालिकेत मात्र सगळे सगळ्यांना एकसारखा मुजरा करतात, नाहीतर ‘या, आपले स्वागत आहे’ म्हणतात. जोहार ऐकू आला की तो घालणाऱ्याची जात आणि त्याने कुठे उभे राहायचे हेही ऐकू येते. ते अवघड आहे, अप्रिय आहे, म्हणून गाळू नये. जुन्या काळाचा अन्याय गाळून त्याचे फक्त दागिने दाखवणे हे त्या माणसांशी अप्रामाणिकपणाचे आहे.

जिजाबाईंना कागदांत मातुश्री आऊसाहेब म्हटले आहे. पेशव्यांच्या घरात श्रीमंत, दादासाहेब, भाऊसाहेब अशी नावे आहेत, आणि तीच व्यक्ती काकू, भाऊ, चाकर यांच्या तोंडी वेगवेगळ्या नावाने येते. नवऱ्याचे नाव बायको घेत नसे. ‘इकडून बोलावणं आलं’, ‘स्वारी निघाली’ असे आडून बोलणे चाले. रमाबाई रानड्यांनी 1910 साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यातही पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या घरावर लिहिणाऱ्याने ते पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे उशाशी ठेवावीत.

आणि एक छोटी गोष्ट. महाराज समोर उभे असताना त्यांचे नाव घेऊन घोषणा देणारे सैन्य मला खटकते. धन्यासमोर धन्याचे नाव असे कोणी घेईल का? ‘हर हर महादेव’ पुरेसे आहे.

टाळा: राजाला प्रमाण मराठी, मावळ्याला गावरान

ही सवय इतकी मुरली आहे की ती कोणाला दिसतही नाही. राजे शुद्ध बोलतात, तानाजी ‘व्हय जी’ म्हणतो. आज आपण ज्याला प्रमाण मराठी म्हणतो ती घडली एकोणिसाव्या शतकात: कोश झाले, शाळेची क्रमिक पुस्तके निघाली, छापखाने आले, आणि पुण्याच्या शिक्षित वर्गाची बोली ‘शुद्ध’ ठरली. 1670 साली अशी काही भाषा नव्हती. राजे आणि त्यांचे सवंगडी एकाच मावळात वाढले होते, एकमेकांशी बोलताना त्यांची बोली आजच्या मालिकेत दाखवतात तितकी दूर नसणार. दरबारात राजे वेगळे बोलत असतील, सवंगड्यांत वेगळे. तो फरक प्रसंगाचा असावा, माणसाच्या दर्जाचा नको. शिवाय मावळ, कोकण, देश यांच्या बोली वेगवेगळ्या आहेत आणि त्या बोलणारे लोक आजही जिवंत आहेत. पडद्यावरची ‘गावरान’ यांतली कुठलीच नाही. पोलादपूरकडचा माणूस आणि भोरकडचा माणूस वेगळा ऐकू आला पाहिजे. त्या गावांत चार दिवस राहून म्हाताऱ्यांना ऐकले की पुरेसे साहित्य मिळते.

करा: वेळ आणि अंतर त्यांच्या मापाने मोजा

‘दोन मिनिटांत येतो’ नको. घटका म्हणजे आजची 24 मिनिटे, प्रहर म्हणजे 3 तास, साठ पळांची एक घटका. अंतर कोसाने, प्रवास मजलांनी, धान्य शेर-मण-खंडीने, पैसा होन-मोहर-शिवराईने. महिन्यापेक्षा सण आणि नक्षत्र बरे: ‘मृग लागायच्या आत’, ‘दसऱ्याला’. मोहिमा दसऱ्याला निघत, पाऊस लागायच्या आत फौजा छावणीला परतत. एका सणाच्या उल्लेखात लढाईचे अख्खे वेळापत्रक बसते.

टाळा: यंत्रयुगातल्या उपमा

गाडी रुळावर आणणे, बटण दाबावे तसा दिवा लागणे, घड्याळाच्या काट्यावर चालणे. रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती 1853 साली. पेशवाई त्याआधी 35 वर्षे बुडाली होती. तसेच चहा, टोमॅटो आणि काड्यापेटी. चकमक वापरावी.

करा: दुःख आणि प्रेम आडून बोलू द्या

14 जानेवारी 1761 च्या पानिपतावरील संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी वळणाच्या पत्रातून. त्यात भाऊसाहेब आणि विश्वासराव मोत्यांच्या रूपाने येतात, सरदार मोहरांच्या आणि सामान्य शिपाई खुर्द्याच्या रूपाने. एका पिढीचे मरण हिशेबाच्या भाषेत सांगितले आहे आणि म्हणून ते वाचवत नाही. आजचा लेखक तिथे ‘सगळं संपलं!’ असे ओरडवतो, पार्श्वसंगीत चढवतो.

प्रेमाचेही तेच. स्वारी उद्या निघायची आहे. ‘मला तुमच्याशिवाय करमणार नाही’ या ऐवजी तिने म्हणावे, ‘पडशीत सुंठ ठेवलीय. नर्मदेपलीकडं थंडी फार म्हणतात.’ त्याने म्हणावे, ‘ठाऊक आहे.’ एवढ्यावर दोन चांगले नट रडवू शकतात.

टाळा: कादंबरी-नाटकांची नक्कल

रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी आणि वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक, दोन्ही 1962 सालची. त्यांची भाषा फार मोठ्या लेखकांनी आपापल्या कामासाठी घडवलेली आहे. आपल्या कानात जी ‘ऐतिहासिक मराठी’ घुमते ती बरीचशी तिथली. तिचीच नक्कल, मग त्या नकलेची नक्कल, असे साठ वर्षे चालले आहे. मुळाकडे जावे. सभासदाची बखर 1697 ची, जिंजीला लिहिलेली, आणि तिची वाक्ये आखूड, धावती, आजच्या नटाच्या तोंडी सहज बसतील अशी आहेत. भाऊसाहेबांची बखर आहे. नाना फडणविसांनी स्वतःविषयी लिहिलेले छोटे आत्मवृत्त आहे, त्यात पानिपतातून जीव वाचवून निघालेला तरुण बोलतो. बाईचा आवाज हवा असेल तर गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, कसे वागावे म्हणून कळवलेले पाहावे: त्यात माया आहे आणि जरबही.

करा: शैली निवडली तर शेवटपर्यंत निभवा

सगळ्यांनीच बखरी ढंगात लिहावे असे मुळीच नाही. 1972 साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तेंडुलकरांनी कीर्तन, तमाशा, माणसांची भिंत असा खेळ मांडला. तिथे अमुक शब्द नाना फडणविसांच्या काळी होता का, हा प्रश्नच उरत नाही, कारण पहिल्या क्षणापासून नाटक आपला करार सांगते. आजच्या भाषेतली पेशवाईही चालेल. पण मग पहिल्या प्रवेशापासून ती तशी असावी. तीन प्रसंग जुने, चौथ्यात ‘काय चाललंय तुझं?’ आणि पाचव्यात पुन्हा ‘आज्ञा व्हावी’, याला शैली म्हणत नाहीत.

करा: परक्या पात्रांना त्यांची भाषा द्या

विजापूरचा सरदार दखनी बोलेल. ती लखनौची उर्दू नव्हे आणि हिंदी सिनेमातली तर नव्हेच. राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनबरोबर नारायण शेणवी दुभाषी होता. दुभाष्याला प्रसंगातून काढून साहेबाला मोडके मराठी बोलायला लावले की हशा मिळतो आणि एक उत्तम पात्र हातचे जाते: दोन्ही बाजू कळणारा, दोन्हींना थोडे थोडे बदलून सांगू शकणारा माणूस.

करा: शंका आली की कोश उघडा

मोल्सवर्थचा कोश 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची. एखादा शब्द त्यात नसेल तर तो पेशवाईतल्या पात्राला देण्याआधी दोनदा विचार करावा. असला म्हणून तो शिवकाळातही होता असे मात्र नाही. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश आहे. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे 45 भाग छापलेले आहेत. त्यांतली पन्नास पत्रे मोठ्याने वाचली तरी कान तयार होऊ लागतो.

निर्मात्यांना शेवटची विनंती. घोड्यांसाठी माणूस नेमता, तलवारबाजीसाठी नेमता, नऊवारी नेसवायलाही नेमता. संहिता चित्रीकरणाआधी डोळ्यांखालून घालायला जुने कागद वाचलेला एक माणूस नेमा, त्याला योग्य मानधन द्या, आणि सेटवर शब्द बदलायचा झाला तर आधी त्याला विचारा.